अक्रोडाचा भरडा

देशाच्या उत्तर किनाऱ्यावरच्या उटरझील गावात रेम्ट हाबेनचा आवाज फारसा कुणाच्या कानावर पडत नसे. त्याच्या मशीनचा आवाज मात्र सगळ्यांच्या ओळखीचा होता. समुद्राच्या बांधाकडे जाणाऱ्या रस्त्यावर जुन्या डेअरीची विटांची इमारत आहे. तिथून आधी कॉम्प्रेसरची घरघर आणि मग पत्र्यावर वाळू ओतावी तसा सळसळाट सुरू झाला, की लोक म्हणायचे, रेम्टने आज कुणाची तरी गाडी उघडलेली दिसतेय. वारा समुद्राकडून असला की तो आवाज थेट चर्चपर्यंत जायचा, आणि आमच्याकडे वारा बहुतेक समुद्राकडूनच असतो.

धंदा त्याचा एकच, इंजिनातली काजळी काढायची. जुन्या गाड्यांत पेट्रोल व्हॉल्व्हवरून वाहत आत जायचं आणि जाता जाता व्हॉल्व्ह धुऊनही काढायचं. नव्या गाड्यांत ते थेट सिलिंडरच्या पोटात फवारतात. पेट्रोल वाचतं, धूर कमी होतो, सगळं खरं. पण व्हॉल्व्हच्या पाठीवरून हात फिरवणारं कुणी उरलं नाही. इंजिनातल्या तेलाची वाफ हवेबरोबर येते, तापलेल्या व्हॉल्व्हवर बसते, तिथेच करपते, त्यावर पुन्हा बसते. काही वर्षांत चुलीवरच्या भांड्याला चढावं तसं जाड काळं किटण चढतं आणि हवेला आत शिरायला धड वाट राहत नाही. मग गाडी सकाळच्या गारठ्यात खोकत उठते, सिग्नलला थरथरते, चढावर मान टाकते. रेम्ट वरचे पाइप उतरवून त्या किटणावर अक्रोडाच्या टरफलांचा भरडा हवेच्या जोराने मारायचा. तो भरडा काजळी खरवडून काढतो, पण धातूवर ओरखडा उमटू देत नाही. काम झालं की आतला व्हॉल्व्ह नव्या नाण्यासारखा चमकतो. तो बघताना रेम्टच्या चेहऱ्यावर जे काही यायचं, त्याला ल्युब्बो हसू म्हणायचा. बाकीच्यांना ते दिसायचं नाही.

ल्युब्बो साटहोफ म्हणजे रेम्टचा भागीदार. दोघे एम्डेनच्या एका मोठ्या गॅरेजात उमेदवारीला एकत्रच लागले. पुढे मालकाने गॅरेज बंद केलं तेव्हा दोघांनी मिळून ही डेअरी घेतली. तिथे त्यांनी उमेदीची सगळी वर्षं एकाच बोनेटखाली डोकं घालून काढली. ल्युब्बो बोलायचा आणि रेम्ट ऐकायचा. ल्युब्बोचं लग्न झालं, मुलगी झाली, बायको आजारी पडली, वारली, हे सगळं रेम्टने इंजिनाच्या पलीकडच्या बाजूने ऐकलं. रेम्टचं स्वतःचं सांगण्यासारखं काही नव्हतं. नॉर्डेनच्या एका मुलीकडे तो काही वर्षं दर रविवारी चहाला जात होता. विचारावं म्हणत होता. एका रविवारी तिनेच सांगितलं की तिचं ठरलं आहे. तेही त्याने फक्त ल्युब्बोला सांगितलं, आणि ल्युब्बोने नेहमीची बडबड त्या दिवसापुरती बंद ठेवली.

या कामात एक गोष्ट सांभाळावी लागते. ज्या सिलिंडरवर भरडा मारायचा, त्याचे व्हॉल्व्ह त्या वेळी बंद पाहिजेत. उघडा राहिला तर भरडा सरळ आत जातो आणि सिलिंडरची वाट लागू शकते. म्हणून एकाने पुढून मोठ्या पान्याने इंजिन हळूहळू फिरवायचं, बॅटरी मारून भोकात बघायचं आणि सांगायचं. हे काम ल्युब्बोचं. रेम्टच्या कानांवर आवाज अडवणारे मोठे इअरमफ असायचे, त्यामुळे ल्युब्बो नुसतं "बंद" म्हणून थांबायचा नाही, रेम्टच्या पाठीवर हात ठेवायचा. हात पडला की रेम्ट खटका दाबायचा. इतक्या वर्षांत त्याने स्वतः वाकून कधी खात्री केली नाही.

सकाळी अकराला आणि दुपारी तीनला काम थांबायचं आणि चहा व्हायचा. कपात खडीसाखरेचा खडा, त्यावर कडक काळा चहा, खडा तडकल्याचा बारीक आवाज, मग कडेने सोडलेली साय. ढवळायचं नाही. पहिला घोट कडू, शेवटचा गोड. आमच्याकडे तीन कप घेतल्याशिवाय कुणी उठत नाही आणि तीन कप होईपर्यंत ल्युब्बोचं एक प्रकरण सांगून व्हायचं.

बायको गेल्यावर ल्युब्बो काही वर्षं एकटा राहिला. मग मुलगी इम्के म्हणाली, बाबा, आता इकडे या. तिचं सासर पार दक्षिणेला, श्वाबेनच्या टेकड्यांत, सफरचंदांच्या बागा असलेलं. ल्युब्बोने बरेच दिवस टाळलं आणि एका वसंतात सामान बांधलं. निघताना रेम्टला म्हणाला, "येत जा." रेम्ट म्हणाला, "हो." ल्युब्बोची गाडी वळणावर दिसेनाशी झाली तशी रेम्टने आत जाऊन अर्धवट राहिलेलं इंजिन पुरं केलं. त्या दिवसापासून पाना फिरवायचा तोच, वाकून बघायचा तोच आणि खटका दाबायचाही तोच.

रेम्टला वाटलं होतं, शांतता आपल्याला सवयीची आहे. पण त्याला सवय होती ती दुसरं कुणीतरी बोलत असताना स्वतः गप्प बसायची. ही शांतता निराळी होती. गिऱ्हाइकं किल्ल्या दाराच्या पेटीत टाकून जायची आणि गाडी झाली की आपली आपण घेऊन जायची. विजेच्या गाड्या वाढत होत्या, त्यांना व्हॉल्व्हच नाहीत, काजळीही नाही. एका सोमवारी तो पाव आणायला गेला आणि दुकानातल्या थेडाला "मोइन" म्हणून नमस्कार करायला त्याने तोंड उघडलं तर आवाजच फुटेना. घसा खाकरून पुन्हा म्हणावं लागलं.

"सर्दी झालीय?" थेडाने विचारलं.

"नाही."

"मग?"

"शुक्रवारपासून बोललो नाही कुणाशी," रेम्ट म्हणाला. थेडाला ती गंमत वाटली. ती हसली आणि तिने पाव कागदात गुंडाळला.

ल्युब्बोचा फोन सुरुवातीला दर रविवारी यायचा. मग एक रविवार सोडून यायला लागला. मग कधीतरीच.

ऑक्टोबरात एका दुपारी फोन वाजला. ल्युब्बोच होता.

"मोइन, रेम्ट. गाडी त्रास देतेय. सकाळी चालू केली की धक्के मारते."

"गरम झाल्यावर?"

"गरम झाल्यावर ठीक. इथला गॅरेजवाला म्हणतो, नवीन इंजिन टाका. काल आलेलं पोर आहे. म्हटलं, लेका, तू जन्मला नव्हतास तेव्हापासून मी हेच करतोय."

"कधी साफ केलं होतं?"

"तूच केलं असशील की. आठवत नाही."

रेम्टला आठवत होतं. ल्युब्बो गेला त्याच्या आदल्या आठवड्यात दोघांनी मिळून केलं होतं. एवढ्यात इतकं किटण चढायला नको होतं. पण तिकडे ल्युब्बो गाडी काढून करणार काय, तर नातीला शाळेत सोडायचं आणि पाव आणायचा. जवळच्या फेऱ्यांत इंजिन पुरतं तापत नाही आणि काजळी धरते.

"हात लावू देऊ नकोस कुणाला," रेम्ट म्हणाला. "मी येतो."

"इथे? अख्खा देश ओलांडून?"

"हो."

"अरे, त्यापेक्षा नवीन इंजिन स्वस्त पडेल," ल्युब्बो म्हणाला, पण आवाजावरून तो खूश झालेला कळत होता.

रेम्टने व्हॅनमध्ये कॉम्प्रेसर चढवला, नळ्या गुंडाळून ठेवल्या, भरड्याची पोती घेतली. निघता निघता परत आत गेला आणि एक मोठा कॅन नळाच्या पाण्याने भरून आणला. ल्युब्बो फोनवर नेहमी कुरकुरायचा, की दक्षिणेचं पाणी जड आहे, चहावर तवंग येतो, चहा म्हणून जे पितो ते गटाराचं पाणी आहे. कॅन सांडू नये म्हणून रेम्टने तो पुढच्या सीटवर ठेवून त्याला पट्टा लावला. रस्ता लांब होता. बऱ्याच महिन्यांनी तो गाडी चालवताना तोंडातल्या तोंडात काहीतरी गुणगुणत होता.

इम्केच्या अंगणात व्हॅन थांबली तर ल्युब्बो दारातच उभा होता. तो आला आणि त्याने रेम्टला मिठी मारली. हे पूर्वी कधी झालं नव्हतं. रेम्टला हात कुठे ठेवावेत ते कळेना, म्हणून त्याने कॅन पुढे केला.

"काय आहे?"

"पाणी."

"आपलं?"

"नळाचं."

ल्युब्बोने झाकण उघडून वास घेतला, जणू काही दारूच आहे.

जेवायला इम्केने मसुराची आमटी आणि शेवया केल्या होत्या. तिचा नवरा क्सावर भला माणूस, पण तो जे बोलायचा त्यातलं रेम्टला चार शब्दांपलीकडे समजायचं नाही. ल्युब्बो त्याच्या कानाशी लागून म्हणाला, "मलाही कळत नाही. मी नुसती मान हलवतो. एकदा अशीच मान हलवली तर दुसऱ्या दिवशी मला याच्याबरोबर सफरचंदं तोडायला जावं लागलं." सगळे हसले. थोड्या वेळाने ल्युब्बोने हीच सफरचंदांची गोष्ट पुन्हा सांगितली. इम्के ताटं उचलत होती. रेम्ट दुसऱ्यांदाही हसला. ल्युब्बो गोष्टी आधीपासूनच पुन्हापुन्हा सांगायचा, डेअरीत तर एकेक गोष्ट वर्षभर चालायची.

सकाळी दोघांनी गाडी शेडमध्ये घेतली. ल्युब्बोने जुना निळा डगला घातला होता, कोपरावर ठिगळ असलेला. बोनेट उघडलं, वरचे पाइप सोडवले. ल्युब्बो स्क्रू काढून एका डब्यात टाकत होता आणि क्सावरच्या भावाच्या गायीबद्दल बोलत होता. रेम्टने आत बॅटरी मारली. काजळी होती, पण पातळ. धक्के देण्याइतकी नाही. धक्क्यांचं कारण दुसरीकडे असावं, प्लगला ठिणगी देणारी एखादी कॉइल गेली असावी. हे ल्युब्बोला पाच मिनिटांत कळायला हवं होतं. रेम्टच्या मनात तेवढं येऊन गेलं. मग त्याला वाटलं, कळलंही असेल. आपण यावं म्हणून न कळल्यासारखं केलं असेल. या विचाराने त्याला इतकं बरं वाटलं की त्याने तो तिथेच ठेवला, पुढे नेला नाही. इतक्या लांब आलोच आहोत तर साफ करूनच जाऊ, असं ठरवून त्याने मशीन जोडलं.

पहिला सिलिंडर झाला. ल्युब्बोने पान्याने इंजिन फिरवलं, वाकून बघितलं, "बंद" म्हणून पाठीवर हात ठेवला. रेम्टने खटका दाबला आणि शेड आवाजाने भरून गेलं. एका हाताने भरडा मारायचा, दुसऱ्या हातातल्या नळीने तोच परत ओढून घ्यायचा. परत येणारा भरडा नळीत खडखडतो, ती थरथर मनगटाला कळते. व्हॉल्व्ह उजळून निघाला. रेम्टला वाटलं, मधली वर्षं गेलीच नाहीत.

ल्युब्बो पुढे गेला, त्याने इंजिन पुन्हा फिरवलं. मागे आला. "बंद." पाठीवर हात पडला.

रेम्टने खटका दाबला. क्षणभरातच त्याच्या मनगटाला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. नळी खडखडत नव्हती. भरडा जात होता, पण परत येत नव्हता. त्याने खटका सोडला, इअरमफ गळ्यात ओढले आणि बॅटरी घेऊन वाकला. व्हॉल्व्ह खाली होता. कडेची फट सरळ दिसत होती, न दिसण्यासारखी नव्हती. पलीकडच्या अंधारात भरडा गेला होता.

तो बराच वेळ तसाच वाकून राहिला. काजळी बघतोय असं ल्युब्बोला वाटावं म्हणून. पण ल्युब्बो काही बोलत नव्हता, आणि ल्युब्बो गप्प होता म्हणजे त्याला कळलं होतं.

"मी बंद म्हणालो?"

"हो."

"बंद नव्हता."

"नव्हता."

ल्युब्बोने पाना बाकावर ठेवला. मग उचलून पुसला आणि पुन्हा ठेवला. "मी बघितलं होतं," तो म्हणाला. "बघितलं होतं, रेम्ट. बघून मला वाटलं, हे असंच असतं."

रेम्टने प्लग काढले. बारीक नळी आत सोडून भरडा ओढून घेतला, हवा मारली, पुन्हा ओढला, कॅमेऱ्याची वायर आत घालून भिंती बघितल्या, पुन्हा ओढला. ल्युब्बो एका खोक्यावर बसून होता. उरलेल्या दोन सिलिंडरांसाठी रेम्टने पाना स्वतः फिरवला आणि स्वतः वाकून बघितलं. ल्युब्बो ते बघत होता. त्याच्याकडे पाठ करून इंजिनात डोकावणं हे त्या दिवसातलं सगळ्यात अवघड काम होतं. त्यातच एक कॉइल तडकलेली सापडली. क्सावरने गावातून नवी आणून दिली, ती त्याने बसवली. संध्याकाळच्या उन्हात गाडी चालू केली तर एक धक्का नाही की थरथर नाही. इंजिनावर पेला ठेवला असता तर आतलं पाणी हललं नसतं.

शेडच्या मागे बाकावर बसून दोघांनी चहा घेतला, उटरझीलच्या पाण्याचा. दुसऱ्या कपाला ल्युब्बो म्हणाला, "इम्केला सांगू नकोस."

रेम्टने कप खाली ठेवला.

"दोनदा रस्ता चुकलो," ल्युब्बो म्हणाला. "इथलाच, शाळेचा. एकदा पोर मागे बसलेली होती. तीच म्हणाली, आजोबा, आपलं घर मागे गेलं. मी म्हटलं, मुद्दामच, तुला फिरवतोय."

"डॉक्टर?"

"डॉक्टरकडे गेलो की झालं. आधी लायसन्स जाईल. मग या टेकड्यांत मी काय करू? इथे सपाट असं काही नाहीच, रेम्ट. खिडकीतून बघावं तर समोर टेकडी, तिच्यामागे दुसरी. गाडी आहे म्हणून निदान वाटतं, वाटलं तर जाईन कुठेतरी." मग तो म्हणाला, "तुझ्याइतकं गप्प राहणारं माणूस मी बघितलं नाही. तेवढंच कर. तुला काही अवघड नाही ते."

रात्रभर रेम्ट पाहुण्यांच्या खोलीत छताकडे बघत पडला होता. गाडी आपणच नीट करून ठेवली, हे त्याला सलत होतं. ती धक्के मारत राहिली असती तर ल्युब्बोने कमी काढली असती. आणि सकाळी त्या गाडीत मागे शाळेचं दप्तर घेऊन कोण बसणार, हेही त्याला माहीत होतं.

सकाळी इम्के तळघरात सफरचंदांच्या फळ्यांवरून नासलेली फळं वेचत होती. रेम्ट जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभा राहिला.

"काका, निघालात? थांबा, एक पेटी बांधून देते तुम्हाला."

"इम्के, बाबांना गाडी देऊ नकोस."

तिने हातातलं फळ खाली ठेवलं. त्याने काय झालं ते सांगितलं. इतकी वाक्यं सलग त्याने तिच्याशी कधी बोलली नव्हती. ती ऐकत राहिली आणि मध्येच खालच्या फळीवर बसली.

"मला वाटायचं, आईची आठवण येते म्हणून असं करतात," ती म्हणाली. "गेल्या महिन्यात चष्मा फ्रिजमध्ये सापडला. आम्ही हसलो. तेही हसले." मग तिने विचारलं, "तुम्ही सांगितलंत हे त्यांना कळू द्यायचं का?"

"मीच सांगतो."

ल्युब्बो अंगणात व्हॅनपाशी उभा होता. रेम्ट त्याच्यासमोर जाऊन म्हणाला, "मी सांगितलं तिला."

ल्युब्बोने त्याच्याकडे बघितलं. तो शिव्या देईल असं रेम्टला वाटत होतं. शिव्या त्याला चांगल्या यायच्या. पण ल्युब्बो स्वयंपाकघरात गेला आणि अर्धा कॅन घेऊन बाहेर आला.

"तुझं पाणी राहिलंय," तो म्हणाला. "घेऊन जा."

त्याने कॅन व्हॅनच्या पायरीवर ठेवला आणि आत जाऊन दार लावून घेतलं. रेम्ट कॅन घेऊन निघाला. परतीच्या वाटेवर त्याने पट्टा लावला नाही, आणि कासेलच्या आसपास कधीतरी कॅन कलंडून पाणी सगळं खाली गेलं.

तो हिवाळा वाईट गेला. रेम्टने फोन केले. इम्केच उचलायची. तिने सांगितलं, डॉक्टरांनी तपासलं, आजार तोच आहे, विसरण्याचा, सुरुवात आहे. गाडी विकली. "बाबा आहेत का?" असं रेम्ट दर वेळी विचारायचा आणि ती दर वेळी जरा थांबून म्हणायची, "झोपलेत, काका." मागून रेडिओचा आवाज यायचा आणि त्याच्याबरोबर शीळ घालणारा ल्युब्बोही ऐकू यायचा. रेम्ट म्हणायचा, "बरं. उठवू नकोस."

काय बोलायचं ते त्याने ठरवून ठेवलं होतं. काम करताना तो ते मनात घोळवायचा. ल्युब्बो, पोर मागे बसते म्हणून सांगितलं. ल्युब्बो, माझ्या जागी तू असतास तर तूही तेच केलं असतंस. पुढे पुढे तो ते मोठ्याने म्हणायला लागला, मशीन चालू असताना, म्हणजे स्वतःलाही ऐकू येऊ नये. एका गिऱ्हाइकाने त्याचे हलणारे ओठ बघितले आणि गावात सांगितलं की रेम्ट हल्ली स्वतःशी बोलतो. थेडाने एकदा पावाबरोबर केकचा तुकडा बांधून दिला. न मागता दिला म्हणून तो दुकानाबाहेर येऊन बराच वेळ नुसता उभा राहिला.

फेब्रुवारीत कडक थंडी पडली, कालवे गोठले. अख्खं गाव स्केट घालून बर्फावर उतरलं होतं, आणि रेम्ट डेअरीच्या खिडकीतून त्यांच्याकडे बघत होता, तेव्हा फोन वाजला.

"मोइन, रेम्ट. बर्फ धरलाय का?"

ल्युब्बोचा आवाज नेहमीसारखा, भरलेला. रेम्टने खुर्ची ओढली.

"धरलाय."

"किती?"

"माणसं चाललीत वरून. हिनटे गावापर्यंत जाता येतंय म्हणतात."

"आणि तू घरात? अरे जा की. माझे स्केट आहेत तिथे माळ्यावर, ते घाल. पाय एकच मापाचे आपले."

रेम्टला पाठ केलेलं सगळं आठवलं. "ल्युब्बो," तो म्हणाला, "तू माझ्यावर रागावलेला नाहीस ना?"

"कशासाठी?"

"ऑक्टोबरात. मी आलो होतो तेव्हा."

"तू आला होतास?" ल्युब्बोने विचारलं. त्यात टोमणा नव्हता. तो खरंच आठवून बघत होता. "मग मला कसं नाही कुणी सांगितलं?"

रेम्टने खिडकीतून बाहेर बघितलं. बर्फावर कुणीतरी पडलं होतं आणि दोघं त्याला हाताला धरून उठवत होती.

"थोडाच वेळ आलो होतो," तो म्हणाला.

फोन ठेवल्यावर तो तिथेच बसून राहिला. महिनोन्महिने त्याला एकच हवं होतं, की ल्युब्बोने म्हणावं, असू दे. ल्युब्बो ते म्हणणार नव्हता, कारण त्याच्या लेखी काही घडलंच नव्हतं. ते भांडण आता जगात एकट्या रेम्टकडे उरलं होतं. ते मिटवायला दुसरा माणूस लागतो, आणि तो दुसरा माणूस आनंदात बर्फाची चौकशी करत होता.

दुसऱ्या दिवशी तीनच्या चहाला रेम्टने स्वतः फोन केला. तिसऱ्या दिवशीही केला. सुरुवातीला बोलायचा तो ल्युब्बोच. मग वसंत आला, उन्हाळा आला आणि ल्युब्बोची वाक्यं अर्ध्यावर थांबायला लागली. फोनवरची शांतता लांबत चालली, आणि त्या शांततेत ल्युब्बो घाबरतो हे रेम्टच्या लक्षात आलं. श्वास जोरात ऐकू यायचा. म्हणून रेम्ट बोलायला लागला. काय बोलायचं ते त्याला ठाऊक नव्हतं, तेव्हा तो आज कुणाची गाडी आली ते सांगायचा. डॉक्टरीणबाईंची लाल गाडी आली, चौथ्या सिलिंडरला इतकं किटण की बोट जात नव्हतं. पास्टरची आली, आत उंदराचं घरटं निघालं. गोष्ट लहान पडायची म्हणून तो तिच्यात भर घालायला शिकला. उंदराला पिल्लं होती. पिल्लं टोपीत घालून बांधावर सोडून आलो. ल्युब्बो हसायचा. काही गोष्टी रेम्टने सपशेल बनवून सांगितल्या. थेडाच्या दुकानातही तो आता दोन वाक्यं जास्त बोलायला लागला. पण घरी आला की ती शांतता होती तशीच असायची. फोनने तिच्यातला अर्धा तास तेवढा भरून निघायचा.

दर शरदात तो दक्षिणेला जाऊन येतो. ल्युब्बो आता गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात असतो, खिडकीसमोर टेकडी असलेल्या खोलीत. गेल्या खेपेला त्याने रेम्टला आपला मोठा भाऊ समजून विचारलं, गुरांना चारा घातलास का. भाऊ जाऊन वीस वर्षं झाली होती. रेम्ट म्हणाला, "घातला." मग तो त्याच्या शेजारी बसला आणि दोघे दुपारभर टेकडीकडे बघत राहिले. रेम्टला वाटलं, इतकं गप्प आपण कधी बसलो नव्हतो, आणि दोघांतला बोलणारा गप्प असला की ते किती जड होतं, तेही त्याला कळलं.

गाड्या आता कमी येतात. ज्या दिवशी एकही येत नाही, त्या दिवशीही तीन वाजता तो फोन करतो. इम्के बहुतेक दुपारी वडिलांकडे असते, ती फोन त्यांच्या कानाशी धरते. परवा तो सांगत होता, एक जुनी हिरवी गाडी आलीय, बोरकुमच्या बोटीवरून. मालक म्हणतो, बेटावर रस्ते एवढे आखूड की गाडी तापायच्या आत समुद्र येतो. आत बघितलं तर, ल्युब्बो, काय सांगू.

"काका," इम्केचा आवाज आला, "झोपले ते."

"खरंच झोपलेत?"

"हो, खरंच."

रेम्टने कपात खडीसाखरेचा खडा टाकला. चहाचा दुसरा कप अजून व्हायचा होता.

"तुला घाई आहे का?" त्याने विचारलं.

"नाही," इम्के म्हणाली. खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. "मग काय निघालं आत?"